पाइपातली लग्नं

रत्नापुरात आता नळ फिरवला की पाणी येतं. सकाळी येतं, भर दुपारी येतं, पाहुणे न सांगता टपकले तरी येतं. चार लाखांचं गाव बघता बघता पंधरा लाखांचं शहर झालं, तरी पाणी कमी पडत नाही आणि पाणीपट्टी कुणाला जड जात नाही. गल्लीबोळांतून विजेवरच्या छोट्या बस फिरतात, त्यांचं तिकीट नावापुरतं. माणसानं सुखी व्हायला काही हरकत नव्हती. पण हणमंतमामा शेलारांना विचाराल तर ते म्हणायचे, "पाणी चोवीस तास येतंय, खरं हाय. पण पाण्याची वाट बघण्यात जी मजा व्हती, ती गेली."

असं म्हणायचा हक्क शहरात फक्त त्यांना होता, कारण ती वाट बत्तीस वर्षं त्यांनीच बघायला लावली होती. २००४ पासून २०३६ पर्यंत मामा नगरपालिकेचे, पुढे महानगरपालिकेचे चावीवाले. खांद्यावर कमरेएवढी लोखंडी चावी टाकून ते पहाटे कुंभार आळीच्या तोंडाशी यायचे, रस्त्यातलं चेंबर उघडायचे, आणि पाणी सोडण्याआधी चावीनं पाइपावर तीन ठोके द्यायचे. ठोका पाइपातून घराघरांत पोचायचा. मग बादल्या, हंडे, पिंपं यांचा जो काही गलका उठायचा, तो ऐकला की मामांना आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं.

आणि ते कुणीतरी होतेच. खालच्या चार गल्ल्यांत एक रीत पडून गेली होती. घरात लग्न ठरलं की पहिली पत्रिका गणपतीला, दुसरी कुलदैवताला आणि तिसरी हणमंतमामांना. पत्रिका हातात ठेवून यजमान एवढंच म्हणायचा, "मामा, लक्ष असू द्या." म्हणजे हळदीच्या आणि लग्नाच्या दिवशी पाणी जरा जास्त वेळ सोडा. पैशाचा विषय कधी निघाला नाही. कुणी काढला असता तर मामांनी त्याला चावी घेऊन मारलं असतं. ते पत्रिका खिशात ठेवायचे, लक्ष ठेवायचे, आणि पंगतीत पहिल्या रांगेत बसायचे.

तर अशा मामांच्या दारात एका सकाळी रेहाना मुजावर नावाची मुलगी आली. पाणीपुरवठा खात्यात नवी लागलेली इंजिनियर, वय पंचवीसच्या आसपास, आणि हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी जड.

"मामा, ह्याची ओळख पटतीय का बघा," म्हणून तिनं फडकं सोडलं. आत बिडाच्या पाइपाचा कापलेला तुकडा होता, बांगडीसारखा गोल, पण आतून क्षारांनी इतका भरलेला की भोकातून लिंबू जेमतेम गेलं असतं.

"हा आमच्या आळीचा," मामा लगेच म्हणाले. "सहा इंची. ह्याच्यावर ठोके दिलेत म्या."

त्यांच्या पत्नी छायाबाई आतून चहा घेऊन आल्या. त्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागायचं आणि त्यासाठी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, चौदा किलोमीटर जावं लागायचं. आज त्यांचा सुट्टीचा दिवस होता. त्यांनी तुकड्याकडे बघून नाक मुरडलं. "ह्यातनं पाणी पीत व्हतो व्हय आपण?"

रेहाना हसली आणि समजावून सांगू लागली. झाड कापलं की बुंध्यात वलयं दिसतात, दर वर्षाचं एक. तशीच वलयं या क्षारांत आहेत. रत्नापूरचं पाणी आधीच जड, चुन्याचं. पाणी वाहत असलं की पाइपाच्या आतल्या अंगावर एक गडद पापुद्रा बसतो. पाणी बंद झालं की उरलेला ओलावा सुकतो आणि फिकट पापुद्रा बसतो. पाणी जेवढा जास्त वेळ सोडलं, तेवढा गडद पापुद्रा जाड. तेव्हा पाणी दिवसाआड यायचं, म्हणजे दिवसाआड एक जोडी. चोवीस तास पाणी असतं तर हे घडलंच नसतं. डोळ्यांना यातलं काही दिसत नाही, पण खात्याकडं आता असं यंत्र आलंय की ते केसाच्या हजाराव्या भागाएवढा पापुद्राही मोजतं.

"आणि वर्ष कसं कळतं?" मामांनी विचारलं.

"दर पावसाळ्यात नदीचं गढूळ पाणी यायचं ना? त्याची तांबडी रेघ पडलीय. दोन तांबड्या रेघांमध्ये एक वर्ष. पण मधले पापुद्रे कुठं घासलेत, कुठं एकमेकांना चिकटलेत. मोजताना चुकायला होतं. मला पक्क्या तारखा पाहिजेत. अमक्या दिवशी पाणी जास्त सोडलं, असं कुणीतरी छातीठोक सांगितलं, तर त्या खुणेला धरून मागचं-पुढचं सगळं बसवता येतं. सगळे म्हणाले, तारखा फक्त हणमंतमामांच्या डोक्यात आहेत."

हे सगळं कशासाठी, तेही तिनं त्याच दिवशी सांगितलं होतं. महापालिकेनं ठराव केला होता, की ज्या भागाला वर्षानुवर्षं सगळ्यात कमी पाणी मिळालं, त्याला नव्या सोयी आधी द्यायच्या. मामांनी मान डोलावली होती. पण त्यांचं सगळं ध्यान त्या तुकड्यात होतं. बत्तीस वर्षं केलेलं काम पाण्याबरोबर वाहून गेलं असं ते धरून चालले होते, आणि इथं ते पापुद्र्यापापुद्र्यानं साठून राहिलेलं!

पुढचे दहा-बारा दिवस मामा नुसते तरंगत होते. रेहाना सकाळी यायची, मांडीवर पाटीएवढा पडदा उघडून बसायची, आणि मामा सुरू व्हायचे. "चौदा साली, अक्षय्य तृतीयेला, गंगाधर तेल्याच्या थोरलीचं लगीन. वऱ्हाड विजापूरकडनं आलेलं, चारशे माणूस. आचाऱ्यानं ऐनवेळी भात दुसऱ्यांदा चढवला, म्हणून म्या पाऊण तास जास्त सोडलं." रेहाना बोटानं पडदा सरकवायची, आणि दोन तांबड्या रेघांच्या मध्ये एक जाडजूड काळी पट्टी उजळून निघायची. "सापडली, मामा!" की मामा मांडीवर थाप मारायचे.

एकोणीस सालचं सोनाराकडचं, ज्यात नवरदेव घोड्यावरून पडला. बावीसचं, करोनानंतरचं पहिलं दणक्यात झालेलं, ज्यात लोक दोन वर्षांची भूक घेऊन आले होते. छायाबाई आतून भर घालायच्या, "त्यात जिलबी कच्ची व्हती," आणि त्या गेलेल्या दिवसांचा वास घरभर पसरायचा. गल्लीत दोघा-तिघांनी मांडव सामायिक घालायचा, भांडी सगळ्यांची, आणि पाणी मामांचं. आता लग्नं शहराबाहेरच्या कार्यालयांत होतात आणि पत्रिका मोबाइलवर येते. मामांना खरंच वाटायचं, की आयुष्यातलं जे काही चांगलं होतं ते या पाइपात आहे.

बाराव्या दिवशी त्यांनी सहज विचारलं, "पोरी, तुझ्या पडद्यावर खाली आणखी एक पट्टा दिसतोय रोज. तो कशाचा?"

रेहानानं तो पट्टा मोठा केला. "माळावरच्या पाइपाचा."

माळ म्हणजे शहराच्या उत्तरेची उंच वसाहत. विणकर, हमाल, गवंडी यांची वस्ती. टाकी एकच होती. खालच्या गल्ल्यांचं झालं की मामा इथली चावी बंद करायचे आणि मग टाकीत उरलेलं पाणी चढ चढून माळावर जायचं.

रेहानानं दोन्ही पट्टे एकाखाली एक धरले. वर जिथं जिथं काळी जाड पट्टी होती, तिथं तिथं खाली फिकट, कोरडं होतं. गंगाधर तेल्याची थोरली: खाली कोरडं. सोनाराचा नवरदेव: खाली कोरडं. मामांनी छातीठोक सांगितलेल्या एकशे सतरा तारखा, आणि एकशे सतरा वेळा खाली कोरडं. एकदा पाळी चुकली की पुढची दिवसाआड, म्हणजे माळाला पाणी चौथ्या दिवशी.

मामांनी पडदा जवळ ओढला. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. टाकी एवढीशी, पाणी मोजकं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? पण त्यांनी ते कधी एकाखाली एक ठेवून पाहिलं नव्हतं.

"तू माळावरची का?" त्यांनी विचारलं.

"हो. म्हणूनच या तारखांखाली सही तुमची लागते, माझी नाही." ती हळूच म्हणाली, "मामा, एकच जागा अडलीय. एकोणतीस सालचा उन्हाळा. वर इतकी जाड पट्टी आहे की बत्तीस वर्षांत तशी दुसरी नाही, आणि खाली सलग दोन पाळ्या कोरड्या. पण तिथले पापुद्रे चिकटलेत, नेमका दिवस लागत नाही. तो लागला नाही तर पुढची सात वर्षं लटकती राहतात, आणि हरकत घेणारे म्हणतील, सगळंच मोजमाप चुकीचं. आठवतंय का काही?"

"न्हाई," मामा म्हणाले. "त्या सालचं काय ध्यानात न्हाई."

रेहाना गेल्यावर त्यांनी छायाबाईंकडं बघायचं टाळलं.

दुसऱ्या दिवशी विलास कुंभार आला. विलास मामांचा लहानपणापासूनचा दोस्त, आळीच्या मंडळाचा अध्यक्ष. शेवटचा चावीवाला म्हणून मामांचा सत्कार करायचं त्यानंच काढलं होतं, हार-फेट्याची वर्दीसुद्धा देऊन झाली होती. आज तो सत्काराचं बोलेना.

"हण्या, नवा दवाखाना एकच यायचाय यंदा. डायलिसिसच्या दहा खाटा, सगळं फुकटात. आपल्या आळीच्या जुन्या शाळेत येणार असं जवळजवळ ठरलेलं. आता ती पोरगी वलयं घेऊन बसली, तर तो माळावर जातोय. आपल्याला तीन वर्षांनी." त्यानं आतल्या खोलीकडं मान केली. "वहिनींना तीन वर्षं चौदा किलोमीटर हेलपाटे घालायला लावणार हाईस? तुला तेवढी एक तारीख आठवत न्हाई, झालं. वय झालं की इसरतो माणूस. कोण इचारणार हाय?"

"मला आठवत न्हाई असंच सांगितलंय म्या."

"शाब्बास," म्हणून विलासनं त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि तो गेला. मामांना ती थाप दिवसभर टोचत राहिली.

जेवताना छायाबाई म्हणाल्या, "कोमलच्या लग्नादिवशी म्या अंगण तीनदा धुतलं व्हतं. तुम्हीच म्हणाला, धू बिनधास्त, आज पाणी आपलं हाय."

कोमल त्यांची एकुलती एक. तिच्या लग्नाला त्यांनी चावी उघडली ती संध्याकाळपर्यंत लावलीच नाही. टाकी तळापर्यंत रिकामी झाली, आणि ती पुन्हा भरेपर्यंत पुढची पाळीही गेली. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या लेकींना पाणी दिलं, आपल्या लेकीला एक दिवस मनसोक्त दिलं, यात काय चुकलं, असं त्यांना तेव्हा वाटलं होतं. अजूनही वाटत होतं. तो त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा दिवस होता, आणि तोच आता कुणाच्या तरी पडद्यावर जाऊन बसणार होता.

"तुला दवाखाना जवळ नको का?" त्यांनी विचारलं.

"नको कसा? त्या बसमधनं येताना मला घेरी येती, कुणाला सांगत न्हाई इतकंच." छायाबाईंनी ताट बाजूला सारलं. "पण अहो, सुई टोचून चार तास पडून राहावं लागतं तिथं. नुसतं छताकडं बघायचं. तुम्ही खोटं बोलून तो दवाखाना आणला, तर त्या चार तासांत मी काय आठवत बसू? जावा, एकदा माळ तरी बघून या. एवढी वर्षं पाणी धाडलंत, कुणाला धाडलं ते बघितलंत का कधी?"

बघितलं नव्हतं. तिथं चावी नव्हती, त्यामुळं जायचं कारणच नव्हतं. पाण्याच्या वेळेला मामा माळावर एकदाही गेले नव्हते.

माळावर तेवढी बस जात नव्हती, चढाचा रस्ता छोट्या बसलाही अरुंद पडायचा. मामा दोनदा धापा टाकत थांबले. त्यांनी फोन केला तशी रेहाना कोपऱ्यावर आली आणि त्यांना घरी घेऊन गेली. तिची आई, नसीमाभाभी, दारातच उभ्या होत्या. वय पन्नाशीच्या थोडं पुढचं, पण एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली उतरलेला. त्यांनी मामांना खुर्ची दिली आणि स्वतः उंबऱ्याजवळ बसल्या.

"तुम्ही चावीवाले मामा व्हय?" त्या कौतुकानं बघत राहिल्या. "नाव लई ऐकलं, माणूस आज बघतीय."

मामा खुर्चीच्या कडेला अवघडून बसले. रेहानाच बोलू लागली, बहुतेक त्यांची अडचण ओळखून. पाणी आलं नाही की शाळा बुडायची, म्हणाली. मग सगळी पोरं घागरी घेऊन आईबरोबर कालव्यावर. कपडे धुऊन होईपर्यंत पोहायचं, उन्हात वाळायचं, येताना उसाच्या फडातून एखादं टिपरू. "खरं सांगू का मामा, माझ्या लहानपणातले सगळ्यात मजेचे दिवस तेच. मी वलयं मोजते ना, कोरडा पापुद्रा आला की मला कालवाच दिसतो."

मामांना जरा हायसं वाटलं. "आणि तुझ्या आईला?"

रेहाना आईकडं बघू लागली. तिनं हे आईला कधी विचारलंच नसावं.

"मला काय," नसीमाभाभी हसल्या आणि हात सहज त्या उतरलेल्या खांद्यावर गेला. "कालवा तीन किलोमीटर. जाताना उतार, येताना भरल्या घागरी आणि चढ. ती पवायची म्हणून बरं वाटायचं. पण भाऊ, आम्हाला कधी राग न्हाई आला हां. आम्हाला कळायचं."

"काय कळायचं?"

"नळाला पाणी न्हाई म्हंजे खाली लगीन हाय. सगळ्या माळाला ठाऊक व्हतं. एक पाळी चुकली तर साधं लगीन, दोन चुकल्या तर मोठ्या घरचं. एकदा ऐन उन्हाळ्यात दोन चुकल्या. ही लहान व्हती, नव-धा वर्षांची. घागर घेऊन चढताना रडाय लागली, म्हणाली, अम्मी, कुणाचं लगीन हाय एवढं? म्या म्हणलं, असंल कुणाची तरी लाडकी लेक. रडू नको, शुभ काम हाय."

अंगणात कोंबडी काहीतरी टिपत होती. मामा तिच्याकडं बघत बसले. मग म्हणाले, "भाभी, ती माझी लेक व्हती. कोमल."

रेहानानं मान वर केली. नसीमाभाभी त्यांच्याकडं वळल्या. आता या बाईनं मला काहीही बोलावं, असं मामांना मनापासून वाटलं. शिव्या घातल्या असत्या तर त्यांनी खाली मान घालून ऐकल्या असत्या, आणि घरी जाऊन शांत झोपले असते.

नसीमाभाभींनी विचारलं, "मग? नांदतीय न्हवं नीट?"

मामांनी हो म्हणून मान हलवली.

"पोरंबाळं?"

"दोन," मामा कसंबसं म्हणाले. "थोरला शाळंत जातोय."

"मग बरं झालं," त्या म्हणाल्या. अगदी मनापासून म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या.

मामांनी फेट्याच्या शेवानं डोळे पुसले. म्हातारपणी असं परक्याच्या दारात रडू यावं याची त्यांना लाज वाटली नाही. मग ते रेहानाला म्हणाले, "तो तुझा पडदा उघड. लिही. सात मे, दोन हजार एकोणतीस. सोमवार. सकाळी साडेचारला उघडली, ती दिवे लागल्यावर लावली."

रेहानानं तारीख घातली. पडद्यावरचे लटकते पापुद्रे हलले आणि वरपासून खालपर्यंत एकेक करून आपापल्या दिवसावर जाऊन बसले. सात वर्षं जागेवर आली. वर लग्नं, खाली कोरडं. कुठंही फट राहिली नाही.

"मामा, दवाखाना आता माळावरच येईल," ती म्हणाली. "मामींचं..."

"ती ह्या चढानं यील," मामा म्हणाले. "तेवढा रस्ता रुंद करून बस आणा, म्हंजे झालं."

त्यांनी बोटानं पडद्यावर सही केली. आतून नसीमाभाभींनी साखर किती घालू म्हणून विचारलं, तेव्हा बारा दिवस मामांबरोबर चहा घेतलेल्या रेहानानंच सांगितलं, दोन चमचे.